एक बोट आग्नेयेकडे

कवडूकाकांच्या टीव्हीचं दुखणं असं :
सकाळी सहापासून पडदा निळा, सिग्नल नाही,
आणि अकरा वाजले की सारं लख्ख,
जसं काही झालंच नव्हतं.
"शाळा बुडवणाऱ्या पोरासारखा हाय थो," काका म्हणतात,
"घंटा होऊन गेली का पोट दुखाचं थांबते."

मी शिडी लावते.
आर्वीच्या आयटीआयचं सर्टिफिकेट अजून पन्नीत आहे,
पाना मात्र हातात.
टिनावर दव, म्हणून चपला खाली.
खिळ्यांच्या ओळीवरच पाय ठेवायचा,
मधे पडला की टिन बोंबलतं
आणि खालून पंचफुलाकाकू.

छत्रीचं तोंड आग्नेयेला.
तिकडे तुरीचं वावर, त्यामागे सागाचं रान,
आणि त्याच्याही कितीतरी वर
एक उपग्रह, जागचा न हलणारा.
त्याचा काही दोष नाही, एवढं मी जाणून होते.
काकू म्हणे, वांदरं. लीलाधर म्हणे, नवा टॉवर.
काका काहीच म्हणेनात, नुसते डब्याला थापटत होते.

"आलं काय?"
"नाही!"
"आता?"
"आलं... गेलं वो पोरी, गेलं!"

कधीकाळी टिनावर काका असत.
साऱ्या गावाच्या ॲल्युमिनियमच्या काड्या त्यांनीच फिरवलेल्या,
गुडघे गेले तेव्हा खाली उतरले.
त्या काळी मुंग्या यायच्या पडद्यावर,
बातम्या सांगणाऱ्या बाईच्या बाजूला
तिचीच एक फिकट बहीण दिसायची,
पण दिसायची. अर्धंमुर्धं चालून जायचं.

"काका, याले अर्धं येनं माहीत नाही,"
मी वरून ओरडते,
"आकडा साठाच्या वर, तर सारं.
एकोणसाठले चौकोन चौकोन.
त्याच्या खाली काहीच नाही.
एक बोट फिरवाचं अन् दहा मोजाचे.
त्याले वळखाले वेळ लागते."

काकांकडून दहा मोजवत नाहीत.
सहावरच "गेलं!" म्हणतात.

असं करता करता उन्हं टिनावर आली,
पाय भाजायला लागले, आणि शेवटच्या एका बोटावर
खालून काकूची आरोळी : "आलं, आलं! हातच नोको लावू!"
मी नट आवळले. चहा झाला, वर मुरमुऱ्याचा चिवडा.
भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच झाले होते,
मी पाहिलंही होतं ते,
पण शाबासकी चालू असताना कोण घड्याळाचं ऐकतं.

दुसऱ्या सकाळी फोन : गेलं.

तिसऱ्या दिवशी मी छत्रीला हात लावला नाही.
पहाटे येऊन केबलच धरली बोटांत,
टिनावरून वळचणीला, वळचणीवरून गोठ्यामागे,
जिथे कुटाराचं पोतं टेकवलेलं होतं.
तिथे एक सांधा. काळी टेप,
वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा
आणि त्याला अशी गाठ, जी मी गावभर पाहिलेली,
पंपावर, कूलरवर, शाळेच्या घंटेच्या दोरीवर.
उकलला तर तांबं हिरवं झालेलं
आणि आतून पाण्याचा एक थेंब
माझ्या अंगठ्यावर.
रात्रीचं दव. ऊन चढलं की सुकायचं.

तेवढा तुकडा कापून खिशात टाकला,
नवीन कनेक्टर बसवला, तोंड खाली करून.
आत टीव्ही बोलायला लागला, साडेसहालाच.

"काय होतं वो?" काकांनी विचारलं.
"वांदरानं वायर ओढली होती, काका."

काका बराच वेळ बातम्या पाहत राहिले.
आवाज कमी केला.
मग माझ्या खिशाकडे न बघता म्हणाले,
"वांदरं टेप गुंडाळत नाहीत, पोरी.
दाखव इकडं. कोणत्या साली मारला होता मी थो,
पाहू तं दे."